भूतानची मैत्री आपण गृहीत धरतोय का?

अजिंक्यतारा (सातारा)

मंडळी, आमच्या भागातल्या एका अभ्यासिकेत परराष्ट्र संबंधांवर गटचर्चा होती. भारताचा सगळ्यात भरवशाचा मित्र कोण, असा विषय निघाला. मुलांनी रशिया म्हटलं, फ्रान्स म्हटलं, जपान आणि इस्रायल झालं. भूतानचं नाव कुणाच्या तोंडात आलं नाही. मी ते घेतलं तर एक जण म्हणाला, "सर, तो मित्र कसला, आपण पोसतो त्यांना."

मला ते लागलं. माझे वडील ग्रेफमध्ये, म्हणजे सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या दलात होते आणि त्यांच्या नोकरीची उमेदीची वर्षं 'दंतक' प्रकल्पावर, भूतानच्या रस्त्यांवर गेली. पावसाळ्यात फुंटशोलिंगच्या वरच्या अंगाला दरड आली की दिवसरात्र डोझर चालायचा. मागे ट्रकची रांग आणि वरून दगड सुटतायत, अशा परिस्थितीत ती माणसं रस्ता मोकळा करायची. १९६१ साली दंतक सुरू झाला तेव्हा त्या देशात गाडीचा रस्ता जवळजवळ नव्हता. या कामात शेकडो माणसांनी जीव गमावला.

माझं म्हणणं असं की भूतानइतका पक्का शेजारी आपल्याला दुसरा नाही, आणि आपण त्याची कदर करत नाही. तुम्हाला काय वाटतं? ही मैत्री बरोबरीची आहे का? आपण देतो किती आणि आपल्याला मिळतं काय?

एमपीएससी_कराड

सर, अभ्यासाच्या अंगाने थोडं मांडतो.

पहिला मैत्री करार ८ ऑगस्ट १९४९ चा, दार्जिलिंगचा. त्याच्या कलम २ मध्ये लिहिलं होतं की भूतान परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्याने चालेल. २००७ मध्ये नवा करार झाला आणि ते कलम बदललं. आता दोघांनी एकमेकांच्या राष्ट्रहिताच्या बाबतीत जवळून सहकार्य करायचं आणि दुसऱ्याच्या सुरक्षेला धोका होईल असं काही आपल्या भूमीवर होऊ द्यायचं नाही, असं ठरलं आहे. म्हणजे कागदावर तरी मैत्री बरोबरीची आहे.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की भूतानने आक्रस्ताळेपणा केला नाही आणि आपणही जुन्या कलमाला चिकटून बसलो नाही. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व मिळवताना भारतानेच त्यांना पाठिंबा दिला होता.

जतकर

कागदावरचं कागदावर राहू दे. तेराव्या पंचवार्षिक योजनेसाठी आपण भूतानला १०,००० कोटी देणार आहोत. त्यांची लोकसंख्या आठ लाखांच्या आत. आमच्या जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जायची भाषा केली, ती कशामुळं? म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी पोचायला किती पिढ्या लागल्या ते आम्हाला विचारा. शेजाऱ्याला द्या, ना नाही. पण आधी घरच्यांना.

हळदबाजार (सांगली)

जतकर, पाण्याचं दुखणं खरं आहे, पण दोन वेगळ्या खिशातला पैसा आहे हा. भूतानला दिला नसता तर तो म्हैसाळला आला असता असं होत नाही.

जतकर

खिसे वेगळे असतील, शर्ट एकच आहे.

सुभेदार_खटाव

मी निवृत्त आहे, इथं फारसं लिहीत नाही. पण 'हा' खोऱ्याचं नाव अजून कसं आलं नाही याचं आश्चर्य वाटलं, म्हणून लिहितो.

पश्चिम भूतानमध्ये हा नावाचं खोरं आहे. तिथं आपलं सैनिकी प्रशिक्षण पथक १९६२ पासून आहे, ज्याला आम्ही 'इमट्राट' म्हणतो. त्यांच्या रॉयल भूतान आर्मीला प्रशिक्षण द्यायचं हे त्याचं काम. मी तिथं होतो. त्यांच्या किल्ल्याला झोंग म्हणतात. हा गावचा झोंग आपल्या पथकाच्या आवारातच आहे, आणि दुसऱ्या देशाच्या सैन्याला कुणी असं आवारात ठेवून घेतं का, याचा विचार करा. थंडीत नळाचं पाणी गोठायचं. सकाळी नळावर गरम पाणी ओतल्याशिवाय धार येत नसे. भूतानी जवान कमी बोलतो, पण डोंगर चढायला लागला की आपल्या पुढे.

आता मिळतं काय, ते सांगतो. नकाशा काढा. सिलिगुडीपाशी भारताची पट्टी सगळ्यात अरुंद जागी जेमतेम २०-२२ किलोमीटर रुंद आहे. ईशान्येतली सगळी राज्यं त्या पट्टीने उरलेल्या देशाला जोडलेली. तिच्या डोक्यावर चुंबी खोरं आहे, ते चीनकडे. चुंबीच्या दक्षिण टोकाला डोकलाम, आणि ती जमीन भूतान आपली म्हणतं. जून २०१७ मध्ये चीनने तिथं झाम्फेरी धारेच्या दिशेने रस्ता ओढायला घेतला. ती धार हातात गेली की खालचं सगळं नजरेत येतं. आपले जवान मध्ये उभे राहिले आणि २८ ऑगस्टला दोन्हीकडचे मागे सरले तोवर ७३ दिवस गेले होते.

त्या ७३ दिवसांत भूतानवर काय दबाव आला असेल! एवढासा देश. तो एकदा जरी म्हणाला असता की भारताने आमच्या जमिनीवरून निघून जावं, तर आपण तिथं कशाच्या जोरावर उभे राहिलो असतो? ते तसं म्हणाले नाहीत. जतकर, १०,००० कोटीत हे येत असेल तर मला ते स्वस्त वाटतं.

अजिंक्यतारा

सुभेदारसाहेब, मुजरा. हेच त्या मुलाला सांगायचं होतं.

वाईकर_मावशी

भाऊ, तुम्ही नियमित लिहीत जा. आमच्या घरातला पोरगा आत्ता सिक्कीमच्या बाजूला आहे. तुमचं वाचून नकाशा काढून बसले.

कोयनेकाठचा

पोसतो म्हणणाऱ्या मुलाला विजेचा हिशोब दाखवा. मी कोयनेवर नोकरी केली आहे, त्यामुळे या विषयावर जरा लांबण लागेल.

भूतानमध्ये भारताच्या मदतीने झालेले मोठे जलविद्युत प्रकल्प असे: चुखा ३३६ मेगावॅट, कुरिछू ६०, ताला १०२०, मांगदेछू ७२०, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये उद्घाटन झालेला पुनातसांगछू-२, १०२० मेगावॅट. आपली कोयना चारही टप्पे आणि पायथा वीजगृह धरून १९६० मेगावॅट. म्हणजे ताला आणि पुनातसांगछू-२ मिळून एक कोयना झाली, आणि वर थोडी उरली.

पैशाची रचना बघा. चुखाला भारताने ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज दिलं होतं. मांगदेछूपर्यंत ते उलटं झालं, ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज. ते कर्ज भूतान वीज विकून फेडतो. वीज घेतो कोण? आपण. त्यांना महसूल मिळतो, आपल्याला कोळसा न जाळता पावसाळ्यात वीज मिळते. यात भीक कुठे आली?

कोयनेपेक्षा एक मोठा फरक आहे. कोयनेला शिवसागर जलाशय आहे. पाणी साठवायचं आणि संध्याकाळी मागणी वाढली की जनित्रं चालवायची. भूतानचे बहुतेक प्रकल्प वाहत्या नदीवरचे, साठा नावापुरता. त्यामुळे बुडीत क्षेत्र फार कमी, माणसं फारशी उठवावी लागत नाहीत. कोयनेचे धरणग्रस्त आजही हक्कासाठी बसतात, तेव्हा ही गोष्ट मला लहान वाटत नाही. पण याची दुसरी बाजू अशी की हिवाळ्यात नद्या आटतात, वीज घटते आणि भूतानलाच भारताकडून वीज घ्यावी लागते. उन्हाळा-पावसाळ्यात ते विकणारे, थंडीत घेणारे.

आणि सगळं गोड नाही. पुनातसांगछू-१ हा १२०० मेगावॅटचा प्रकल्प उजव्या काठाचा डोंगर सरकल्याने रखडला. वर्षामागून वर्ष गेलं, खर्च वाढत गेला, आणि कर्ज भूतानच्या नावावर. त्यांच्या लोकांना याची चिंता वाटली तर त्याला कृतघ्नपणा म्हणू नये. आता मुख्य धरणाचं काम पुन्हा सुरू करायचं दोघांनी ठरवलं आहे. डोंगर पोकळ असेल तर तो करारांना जुमानत नाही, एवढं मी कोयनेच्या बोगद्यांत शिकलो.

भडंगप्रेमी_सांगली

कोयनेकाठचा काका, इतकं सोपं करून कुणी सांगितलंच नव्हतं.

मी फिरायला गेले होते त्याचं सांगते. पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. आपल्याला रोजचं शाश्वत विकास शुल्क १२०० रुपये, इतर परदेशी पाहुण्यांना १०० डॉलर. आपला रुपया तिथं सर्रास घेतात, कारण त्यांचं चलन नुलट्रम, तो रुपयाशी एकास एक बांधलेला आहे. पारोतल्या दुकानात मी रुपये दिले आणि सुट्टे नुलट्रम मिळाले, हिशोब काही करावा लागला नाही.

आमचा ड्रायव्हर चांगलं हिंदी बोलायचा. त्याला सांगलीचं भडंग दिलं, तर म्हणाला ताई, चव छान आहे पण तिखट नाही! मग त्यांचं एमा दात्शी खाल्ल्यावर कळलं. मिरची हीच भाजी, आणि वर चीज. शरदात घरांच्या छपरांवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या दिसतात, गावच्या गाव लाल.

एक मात्र खटकलं. आपल्यातलेच काही पर्यटक स्तूपावर चढून फोटो काढत होते आणि मठात मोठ्याने बोलत होते. तिथली माणसं काही बोलत नाहीत, पण चेहऱ्यावर दिसतं. मैत्री सरकारंच करतात असं नाही, आपणही तिथं देशाचं तोंड घेऊन जातो.

मिरजमळा

कोल्हापुरी तांबड्याचा पराभव झाला म्हणायचा. 😄

हळदबाजार

ताई, सुट्ट्याचा अनुभव मलाही आला. मी व्यापाराच्या बाजूने सांगतो. फुंटशोलिंगला बटाट्याचा लिलाव असतो. भूतानचे शेतकरी माल आणतात, त्यांचं अन्न महामंडळ लिलाव चालवतं आणि बोली लावणारे बहुतेक आपले व्यापारी. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघितलेल्या माणसाला तिथं परकं वाटायचं कारण नाही. ढीग, बोली आणि पट्टी सगळं तेच.

१९७२ पासून दोघांत खुला व्यापार आहे. आता बांगलादेशाशी तुलना करा. तोही मित्रदेश, १९७१ ला आपण काय केलं ते सगळ्यांना माहीत. पण तिकडे द्राक्षावरचं आयातशुल्क वाढलं की तासगावच्या बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. भूतानची बाजारपेठ छोटी असेल, पण तिथं उद्या काय होईल ही धास्ती नाही. धंद्यात ही मोठी गोष्ट आहे.

तासगावकर

द्राक्षाचं बरोबर बोललात. आमच्याकडे व्यापारी माल तोडायच्या आदल्या दिवशी फोन करतो, "सीमेवर गाड्या थांबल्यात, भाव कमी करा." खरं-खोटं आपण कसं तपासणार?

कृष्णाकाठ

विषयाला एक फाटा. सिक्कीम १९७५ मध्ये भारतात सामील झालं तेव्हा परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण होते. आपल्या कराडचे.

मिरजमळा

देवराष्ट्र्याचे. देवराष्ट्रे सांगली जिल्ह्यात.

कृष्णाकाठ

जन्म झाला तेव्हा सातारा जिल्हाच होता तो.

अजिंक्यतारा

साहेब दोघांचेही. पुढे बोला.

कृष्णाकाठ

बरं. सांगायचं होतं ते असं की १९६२ च्या नोव्हेंबरात साहेब संरक्षणमंत्री झाले तेव्हा ईशान्य सीमेची काय अवस्था होती ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या धक्क्यानंतर हिमालयातल्या शेजाऱ्यांकडे बघायची दिल्लीची नजर बदलली. त्याआधी १९५८ मध्ये नेहरू भूतानला गेले ते नाथूला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर आणि याकवर बसून. सरळ रस्ताच नव्हता. पारोला त्यांनी सांगितलं की भूतानने स्वतंत्र राहून आपल्या मार्गाने प्रगती करावी अशीच आमची इच्छा आहे. पुढे सिक्कीमचं जे झालं ते पाहून भूतानच्या मनात शंका आली असेलच. पण १९७१ मध्येच ते संयुक्त राष्ट्रांत बसले होते. मला वाटतं, त्यांच्या राजांची दूरदृष्टी इथं दिसते. भारताचा हात न सोडता त्यांनी स्वतःचं वेगळेपण जगाकडून मान्य करून घेतलं.

शाहूपुरी_७७

सगळे गोडगोड लिहितायत, म्हणून मी कडू लिहिते. २०१३ ची जुलै आठवते का? तिथं निवडणूक तोंडावर होती आणि भारताने स्वयंपाकाच्या गॅसवरचं आणि रॉकेलवरचं अनुदान बंद केलं. सिलिंडरचा भाव एकदम चढला. चीनशी जवळीक दाखवली म्हणून शिक्षा, असं तिथल्या लोकांनी मानलं. नंतर अनुदान परत सुरू झालं, पण घरातल्या बाईला चुलीपुढे जे वाटलं ते विसरता येत नाही. मित्राचा गॅस निवडणुकीच्या आठवड्यात बंद करायचा नसतो, कारण काहीही असो.

आणि नव्वदच्या दशकात दक्षिण भूतानमधल्या एक लाखाहून जास्त नेपाळीभाषक लोकांना देश सोडावा लागला. नेपाळमध्ये झापा आणि मोरंगच्या छावण्यांत ते वर्षानुवर्षं राहिले, नंतर बहुतेक अमेरिकेत गेले. आपण त्यावर मौन पाळलं. मैत्री जपायची म्हणून? मला हे टोचतं.

सुभेदार_खटाव

ताई, दुसऱ्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि उगाच देणारही नाही. माणसं उठवली गेली हे खरं आहे.

पहिल्यावर तुमच्याशी सहमत. पण २००३ चा डिसेंबरही त्याच हिशोबात धरा. उल्फा, एनडीएफबी आणि केएलओ या सशस्त्र फुटीर संघटनांचे तळ दक्षिण भूतानच्या जंगलात होते. तिथून येऊन आसामात हल्ले करायचे आणि परत जायचे. भूतानने आधी समजावून पाहिलं. मग त्यांच्या लहानशा सैन्याने कारवाई केली आणि राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक स्वतः आघाडीवर गेले. तळ मोडले. त्यांचे जवान कामी आले, ते आपल्या आसामसाठी. दुसऱ्या कुठल्या शेजाऱ्याने आपल्यासाठी हे केलं?

एमपीएससी_कराड

सुभेदारकाका, 'ऑपरेशन ऑल क्लिअर'. हे नाव आम्ही पाठ करतो, पण राजे स्वतः गेले होते हे माझ्या टिपणात नव्हतं.

वाईकर_मावशी

आणि लशी विसरू नका. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याकडे लसीकरण सुरू होऊन आठवडा झाला नव्हता, तेव्हाच दीड लाख मात्रा भूतानला भेट गेल्या. पुण्यात बनलेल्या. त्यांनी लगेच टोचायला सुरुवात केली नाही, शुभ दिवस बघून मार्चअखेरीस केली. पहिली लस वानरवर्षात जन्मलेल्या बाईला! आपणही पंचांग बघतोच की, मला तर फार आपलंसं वाटलं.

जतकर

सगळं वाचलं. डोकलामचं पटलं, विजेचंही पटलं. पण माझा मुद्दा जागेवरच आहे. सीमेवरच्या शेजाऱ्याला विचारून, त्याच्या गरजेप्रमाणे योजना आखता येते, पैसा वेळेवर देता येतो. मग दुष्काळी तालुक्याला तसंच विचारून का देता येत नाही? मी भूतानवर रागावलेलो नाही.

कोयनेकाठचा

हे मान्य. यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

शिरवळनाका

मूळ प्रश्न होता, गृहीत धरतोय का. त्यावर लिहितो.

भूतान आणि चीन यांच्यात राजनैतिक संबंध नाहीत, पण सीमेवर बोलणी १९८४ पासून चालू आहेत. नव्वदच्या दशकात चीनने सौदा पुढे केला होता: उत्तरेतल्या जाकरलुंग आणि पासामलुंगवरचा दावा आम्ही सोडतो, पश्चिमेतला डोकलामचा भाग आम्हाला द्या. उत्तरेतला तुकडा मोठा, म्हणजे व्यवहाराने बघितलं तर भूतानचा फायदा. त्यांनी तो सौदा घेतला नाही, आणि त्यामागे आपली काळजी हे मोठं कारण. २०२० मध्ये चीनने पूर्वेकडच्या साकतेंग अभयारण्यावरही हक्क सांगितला. २०२१ मध्ये दोघांनी सीमावाद सोडवायचा तीन पायऱ्यांचा आराखडा ठरवला.

आता त्यांच्या जागी स्वतःला ठेवा. तुमच्या बांधाचा वाद चाळीस वर्षं मिटत नाही, कारण मिटवला तर शेजारच्या मित्राचं नुकसान होईल. किती दिवस थांबाल? तरुण पोरं नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला चालली आहेत. त्यांना डोकलामपेक्षा पगार महत्त्वाचा वाटला तर त्यांचं चुकलं म्हणता येईल का? म्हणून मला वाटतं, हो, आपण गृहीत धरतोय. राजे आणि पंतप्रधान यांच्यातलं नातं घट्ट आहे, पण तिथला पंचवीस वर्षांचा मुलगा भारताकडे काय म्हणून बघतो हे आपण विचारत नाही.

भडंगप्रेमी_सांगली

शिरवळनाका, आमच्या ड्रायव्हरचा धाकटा भाऊ पर्थलाच गेलाय. तो म्हणाला, गावात म्हातारेच उरलेत.

हळदबाजार

रेल्वेचं काय? आपल्या कोक्राझारपासून भूतानच्या गेलेफूपर्यंत ६९ किलोमीटर आणि आपल्या बनारहाटपासून त्यांच्या समत्सेपर्यंत २० किलोमीटर, असे दोन मार्ग जाहीर झालेत. सुमारे ४,००० कोटींचं काम. गेलेफूला नवं शहर वसवतायत. काम तिथंच मिळालं तर पोरं जातील कशाला?

अजिंक्यतारा

शिरवळनाका, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. धागा काढला तेव्हा माझ्या डोक्यात रस्ते आणि वडिलांच्या पिढीचे कष्ट होते. पण त्या रस्त्यांवरून आज तिथला तरुण विमानतळावर चाललाय, हे बघायला हवं.

माझं मत सांगतो. सीमेच्या बोलण्यांत भूतानला घाई करू द्या किंवा थांबू द्या, दबाव आणू नका. त्यांनी २००३ ला आणि २०१७ ला जे केलं ते कुणी सक्ती करून करून घेतलेलं नाही. आपण आपलं काम वेळेवर करू: पुनातसांगछू-१ पुरा करा, रेल्वे दिलेल्या मुदतीत न्या, गॅससारख्या गोष्टीला हात लावू नका. आणि त्यांची मुलं इथं शिकायला येऊ द्या. खडकवासल्याला त्यांचे कॅडेट येतातच, आपल्या कॉलेजांतही यावीत.

सुभेदार_खटाव

साताऱ्याचं सैनिक स्कूल देशातलं पहिलं, १९६१ चं. दंतकच्याच वर्षीचं. तिथल्या मुलांसाठी भूतानवर एक व्याख्यान ठेवता येईल. मी बोलायला तयार आहे, स्लाइड वगैरे कुणी तरी करून द्या.

एमपीएससी_कराड

काका, स्लाइड मी करतो. हा खोऱ्याचे तुमच्याकडचे जुने फोटो असतील तर पाठवा. आमच्या अभ्यासिकेतही याल का? त्या "पोसतो" म्हणणाऱ्या मुलाला मी ओळखतो, पहिल्या रांगेत बसवतो.

कोयनेकाठचा

विजेचे आकडे माझ्याकडून घ्या. आणि चुखा-तालाच्या वीजगृहांची रेखाचित्रं मिळाली तर तीही लावा, पोरांना ती आवडतात.

जतकर

मी पण येतो. प्रश्न मात्र विचारणार.

सुभेदार_खटाव

विचारा की. रविवार ठरवा, खटावहून सकाळच्या एसटीने निघतो.